रानकोंबड्याची बांग ऐकायला जाताना

बदलापूर-अंबरनाथकडच्या माणसाला रानकोंबडा ऐकायला कोयनेला किंवा दांडेलीला जायची गरज नाही. माथेरान, चंदेरी, टावली, मलंगगड हे डोंगर आपल्या गच्चीवरून दिसतात आणि त्यांच्या उतारांवरची कारवी, बांबूची बेटं, करवंदीच्या जाळ्या हा या पक्ष्याचाच मुलूख आहे. माघ संपत आला की नर बांग द्यायला लागतात. फाल्गुन, चैत्र आणि वैशाखाचे पहिले दिवस हा त्यांचा ऐन हंगाम. या दिवसांत घरातल्या मुलाला, नातीला, भाच्याला किंवा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊन पहाटे रानाच्या कडेला कसं बसायचं, काय ऐकायचं आणि काय करायचं नाही, ते इथे सांगतो.

दोघांनी जावं, फार तर तिघांनी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून वीस जणांची सहल काढली तर डोंगर दिसेल, वडापाव होईल, रानकोंबडा मात्र ऐकू येणार नाही. जमिनीवर वावरणारा हा पक्षी पायांच्या आवाजाला अतिशय सावध असतो. शिवाय रानाची ओळख गर्दीत होत नाही, ती घरातल्या एका माणसाकडून दुसऱ्याला होते. सालिम अलींना पक्ष्यांकडे नेलं ते त्यांच्या मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी. मामा स्वतः शिकारी. दहा-बारा वर्षांच्या भाच्यानं एअरगननं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती कोणती हे मामांना सांगता येईना, तेव्हा त्यांनी त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. पुढचा सगळा इतिहास त्या एका भेटीतून निघाला. मारुती चितमपल्लींनाही अरण्याची पहिली ओळख आईकडून आणि मामाकडूनच झाली. दोन्ही ठिकाणी रान दाखवायला आधी घरचं माणूस होतं. संस्था, पुस्तकं, नोकरी हे सगळं नंतर आलं.

आता शिकारीबद्दल एकदा स्पष्ट बोलून घेऊ, कारण आपल्या भागात अजून बरेच गैरसमज आहेत. बदलापूर, मुरबाड, कर्जतकडच्या जुन्या घरांत शिकारीच्या गोष्टी सांगणारे आजोबा आहेत. त्यांच्या तरुणपणी परवाने मिळायचे. मुंबई राज्याचा 1951 चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता आणि त्यात शिकारीचे हंगाम, परवाने, फी असं सगळं होतं. 1972 मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला तितर, लाव्यांसारख्या काही पक्ष्यांना परवान्यानं मारायची वाट उरली होती. 1991 च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. तेव्हा आज रानकोंबडा, तितर, लावा, मोर यांपैकी कशाचीही हौसेखातर किंवा खाण्यासाठी शिकार करता येत नाही. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान 3 वर्षांची कैद आहे आणि ती 7 वर्षांपर्यंत जाऊ शकते. काही एअरगन परवान्याशिवाय विकत मिळतात, पण म्हणून त्यांनी पक्षी मारायला मोकळीक मिळत नाही. गलोलीनं मारला तरी गुन्हा तोच.

कायद्यातली शिकारीची व्याख्या पुष्कळ रुंद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, हाकून बाहेर काढणं हे सगळं तिच्यात येतं. पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हेसुद्धा. रानकोंबडीची अंडी सापडली म्हणून घरी आणून गावठी कोंबडीखाली उबवायला ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, उलट पिल्लं जगवल्याचं समाधान असतं. ती पिल्लं क्वचितच टिकतात, आणि रानातली मादी तेवढ्या अंड्यांना मुकते. मुलांना बरोबर नेताना ही गोष्ट घरीच सांगून ठेवा. रानात घरटं समोर दिसल्यावर सांगायला गेलात तर उशीर झालेला असतो.

पण आजोबांच्या शिकारीतलं जे खरं शिक्षण होतं ते कुठल्याही कायद्यानं बंद केलेलं नाही. वारा कुठून येतो ते पाहणं, दबा धरून बसणं, पाचोळ्याच्या आवाजावरून जनावर ओळखणं, माग वाचणं, तासभर अंग न हलवणं, हे सगळं जसंच्या तसं वापरता येतं. अमेरिकेत एप्रिल-मेमध्ये रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो आणि तिथे ती बाप-लेकांची, आजोबा-नातवंडांची रीत आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे हा पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. मग रानातल्या टर्की पकडून नव्या जागी सोडल्या, हंगाम आणि परवाने कडक केले, तेव्हा तो परत आला. त्यांचा कायदा वेगळा, आपला वेगळा. पण तिकडे नव्या माणसाला जे पहिलं शिकवतात ते आपल्यालाही उपयोगी आहे: आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा शोधायचा, त्याला पाठ टेकून बसायचं आणि आवाजाच्या मागे कधीही जायचं नाही. तिथे हा नियम सुरक्षिततेसाठी आहे, कारण आवाजाच्या दिशेनं दुसरा शिकारीही येत असतो. आपल्याकडे कारण निराळं आहे. तुम्ही बांगेच्या दिशेनं चालू लागलात की बांग थांबते. बसून राहिलात तर पक्षी फिरत फिरत तुमच्यासमोर येण्याची शक्यता तरी उरते.

पक्ष्याची ओळख करून घेऊनच निघा. आपल्याकडचा तो राखी रानकोंबडा. ॲपमध्ये शोधायचा तर ग्रे जंगलफाउल. हा फक्त भारतात, मुख्यतः दक्षिणेच्या द्वीपकल्पात सापडतो. नराचं अंग करडं, शेपटी काळी, कमानदार, जांभळी झाक मारणारी. मानेवरची पिसं लांब आणि काळसर, आणि त्यांच्यावर मेणाचे थेंब सुकावेत तसे पिवळट-पांढरे चकाकते ठिपके. ही पिसं गळानं मासे पकडणाऱ्या विलायती हौशी लोकांना कृत्रिम माशा बांधायला हवी असायची आणि त्यापायी हजारो कोंबडे मारले गेले. मादी साधी, वरून तपकिरी, पोटाकडे पांढरी, आणि त्या पांढऱ्या पिसांना काळपट किनार. खवल्यांसारखं ते पोट एकदा नीट पाहिलं की गावठी कोंबडीशी गल्लत होत नाही.

मुलं बरोबर असतील तर त्यांना ही एक गोष्ट जरूर सांगा. घरच्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, तो उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा. पण 2008 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की कितीतरी गावठी आणि विलायती कोंबड्यांच्या पायांच्या कातडीचा पिवळा रंग आला आहे तो आपल्या राखी रानकोंबड्याकडून. वाडीतल्या अंगणात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली की नातीला तिचे पाय दाखवा आणि मग समोरचा डोंगर दाखवा. पुस्तकातला धडा इतक्या जवळ क्वचितच येतो.

बांगेकडे विशेष लक्ष द्यावं लागतं, कारण आपल्या भागात डोंगराच्या पायथ्याशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत आणि प्रत्येक वाडीत गावठी कोंबडे आहेत. तुम्ही अंधारात पोहोचाल तेव्हा ते केव्हाच ओरडायला लागलेले असतील. गावठी कोंबड्याची बांग लांब ओढलेली असते. रानकोंबड्याची आखूड, तुटक, खरखरीत, ‘कुक्-कायाक्-क्युक्-क्युक्’ अशी, शेवटचे दोन ठोके जणू घशातच राहिलेले. बांग देण्याआधी तो पंख फडफडवत नाही. पहिली बांग बहुधा तो झाडावरूनच देतो, कारण रात्र त्यानं फांदीवर किंवा बांबूत काढलेली असते. उजाडल्यावर खाली उतरतो आणि मग बांग जमिनीवरून, जरा दबलेली येऊ लागते. एकानं दिली की समोरच्या उतारावरचा दुसरा उत्तर देतो. असे तीन-चार नर एका दरीत उत्तरं देत असले तर कोणता कुठे आहे याचा नकाशा डोक्यात तयार होतो. हे काम मुलांना फार आवडतं. कागदावर मधोमध आपली जागा काढायची आणि बांग आली त्या दिशेला एक रेघ मारायची.

त्याच वेळी दुसरेही जमिनीवरचे पक्षी बोलत असतात. मोराची हाक कुणालाही कळते. चकोत्री ही तांबूस, कोंबडीच्या पिल्लापेक्षा थोडी मोठी, दाट झुडपातच राहणारी. ती बहुधा दिसत नाही, तिचा कर्कश, घाईघाईचा आवाज तेवढा येतो. माळरानाच्या बाजूला तितर ओरडतात. वर झाडांत तांबट ठोके देत असतो, आणि वैशाखात पावशा दिवसरात्र बोलतो. कोतवालापासून सावध राहा. तो इतरांचे आवाज हुबेहूब काढतो आणि नवख्याला हमखास फसवतो.

जागा

उल्हासनगरकरांच्या वाट्याला शहराच्या आत असं रान उरलेलं नाही. पण विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगरहून बदलापूरपर्यंतचा लोकलचा प्रवास थोडक्याच वेळाचा आहे. सराव मात्र घराजवळ करावा. दहा मिनिटं न बोलता, न हलता बसणं हे मोठ्यांनाही जमत नाही. ते आधी अंबरनाथजवळ काकोळ्याच्या जीआयपी तलावाच्या काठी किंवा उल्हास नदीच्या काठावर करून पाहा. हा तलाव रेल्वेनं बांधलेला, वालधुनीच्या वरच्या अंगाला. शिवमंदिराजवळून आणि पुढे उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी आपण काळी, फेसाळ झालेलीच पाहतो. तिचं डोंगराकडचं रूप मुलांनी एकदा तरी पाहायला हवं, म्हणूनही ही जागा मी सुचवतो.

खऱ्या बैठकीसाठी दोन बाजू आहेत. एक कोंडेश्वर-भोजची. बदलापूर पूर्वेला उतरून सात-आठ किलोमीटर गेलं की डोंगराचा पायथा लागतो. इथे स्टेशनच्या पाट्यांवरच्या पूर्व-पश्चिमेवर जाऊ नका. हे डोंगर खरं तर शहराच्या दक्षिणेला आहेत. त्यामुळे डोंगराकडे तोंड करून बसलात तर सूर्य डाव्या हाताला उगवतो, डोळ्यांवर येत नाही आणि उतारावरची हालचाल स्पष्ट दिसते. मंदिराच्या आणि कुंडाच्या परिसरात बसू नका, तिथे वर्दळ असते. आणि मुलं बरोबर असतील तर कुंडाच्या पाण्याकडे वळूसुद्धा नका. ते फसवं आहे, तिथे अनेक जण बुडाले आहेत.

दुसरी बाजू बारवी धरणाची, बदलापूर पश्चिमेकडून जाणारी. धरण एमआयडीसीचं आहे. भिंतीकडे, पंपांकडे जाऊ नये, फोटोही काढू नयेत. आपलं काम पलीकडच्या रानाच्या कडेला, वाड्यांच्या वाटांवर होतं. सागाचं रान उन्हाळ्यात उघडं पडलेलं असतं आणि पाचोळा घोट्यापर्यंत साचतो. कान देऊन बसायला यासारखी जागा नाही, कारण पाचोळ्यात कोण चाललं आहे ते लांबून कळतं.

दोन्ही ठिकाणी राखीव वन आहे. आत खोल शिरायचं असेल तर वन विभागाच्या बदलापूरच्या कार्यालयात आधी विचारा. पण खरं सांगायचं तर आत जायची गरजच नसते. रानकोंबडा पहाटे आणि संध्याकाळी चरायला कडेला, वाटेवर, शेताच्या बांधावर येतो. जिथे दाट झुडूप संपतं आणि मोकळी जागा सुरू होते, तिथे बसा. कारवी फुलून गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, सात-आठ वर्षांतून एकदा, तिचं बी जमिनीवर सांडतं आणि कोंबडे त्यावर तुटून पडतात. तसं वर्ष असेल तर कारवीचा उतार सोडू नका. एरवी वाळवीची वारुळं, उंबराची पडलेली फळं, बांबूची बेटं यांच्या आसपास पाहा. जमीन उकरलेली, पाचोळा दोन्ही बाजूंना फेकलेला आणि मध्ये ओली माती दिसली तर कोंबडा तिथे येऊन गेला आहे.

वाडीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यांना जे कान आहेत ते आपल्याला दहा वर्षं बसूनही येणार नाहीत. दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि निघतानाच हातात द्या. ‘पक्षी दाखवला तर देतो’ असं कधीही म्हणू नका, कारण मग तो बिचारा तुमच्यासाठी झुडपं झोडपून पक्षी उठवेल.

वेळ आणि बैठक

मार्चच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यावर सहा-वीसला, मेच्या मध्यावर सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी बसलेलं असायला हवं. म्हणजे एप्रिलमध्ये साडेपाचला तुम्ही बुंध्याला टेकलेले पाहिजेत. उल्हासनगरहून लोकलनं येऊन, रिक्षा शोधून, हे जमणं कठीण. आदल्या रात्री बदलापुरातल्या नातेवाइकाकडे मुक्काम करा किंवा रिक्षावाल्याला संध्याकाळीच सांगून ठेवा. ते शक्य नसेल तर संध्याकाळची बैठक करा: पाचला बसायचं आणि अंधार पडायच्या आत रस्त्यावर यायचं. संध्याकाळीही नर बांग देतात, मग झाडावर चढतात. पहाटेइतकी रंगत नसते, पण लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना हीच वेळ सोयीची.

कपडे मातकट, खाकी, फिकट हिरवे. पांढरा शर्ट रानात लांबून दिसतो. अत्तर नको, कुरकुरणारी प्लॅस्टिकची जाकिटं नकोत. खाऊ घरीच पुडीतून काढून फडक्यात बांधा. वेफरच्या पिशवीचा एक आवाज पाऊण तासाची बैठक वाया घालवतो. माणशी दोन लिटर पाणी. मोबाइल सायलेंटवर असला तरी त्याचा उजेड पडतो, म्हणून तो खिशातच राहू द्या. बसायला जाड गोणपाट किंवा घोंगडी घ्या, कारण गार, टोचऱ्या जमिनीवर माणूस चुळबुळ करतोच.

माझ्या मामांची बसायची पद्धत मी अजून पाळतो. ते आधी पायाखालचा पाचोळा हातांनी बाजूला करायचे, म्हणजे नंतर पाय हलला तरी आवाज होत नाही. मग मुलाला आपल्या पुढ्यात, गुडघ्यांच्या मध्ये बसवायचे. बोलायचे नाहीत, बांग आली की ज्या बाजूनं आली त्या बाजूच्या खांद्यावर बोटानं एकदा दाबायचे. दोनदा दाबलं म्हणजे पक्षी दिसतो आहे, मान हळू वळव. तुमच्या घरात तुमची खूण ठरवा, पण ती आवाजाची नसावी. ऐकताना दोन्ही तळवे कानांमागे ओंजळीसारखे धरून पाहा. लांबच्या दरीतली बांग एकदम जवळ येते.

दुर्बीण असेल तर उत्तम, आठ पटीची पुरते. पण पहिल्या खेपेला मुलाच्या हातात देऊ नका. ते सगळा वेळ तिच्याशी खेळत राहतं आणि कान बंद होतात. आधी ऐकू दे, दिसेल तेव्हा दे.

रेकॉर्ड केलेली बांग मोबाइलवर वाजवून नराला बोलावण्याचा मोह फार जणांना होतो. करू नका. हंगामात नर आपली हद्द राखत असतो. खोटा प्रतिस्पर्धी ऐकून तो चरणं सोडून धावत येतो, उघड्यावर येतो, आणि ससाण्याच्या, कुत्र्याच्या, माणसाच्या तावडीत सापडतो. दाणे टाकून बोलावणंही तसंच. फोटोसाठी रोज दाणे पडणारी जागा फासेवाल्यांनाही कळते.

सूर्य वर आला, साडेआठ-नऊ वाजले, की उठा. बदलापूरचा उन्हाळा मुंबईसारखा नाही. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो आणि कातळ तापले की म्हातारी माणसं आणि मुलं दोघंही लवकर थकतात.

काळजी

फुरसं हा आपल्या डोंगरांतला साप लहान, मातकट आणि दगडांखाली असतो. बूट घाला, अंधारात बॅटरी जमिनीवर धरून चाला, दगड उचलू नका, बसण्याआधी काठीनं जागा पाहून घ्या. चावलाच तर दोरी आवळू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला चालायला न लावता 108 ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय कुठे आहे, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे निघण्याआधीच पाहून ठेवावं.

बिबट्या या पट्ट्यात आहे. 2019 च्या फेब्रुवारीत तो थेट उल्हासनगरातल्या बंगल्यात शिरला होता. म्हणून घाबरून घरी बसायचं कारण नाही, पण लहान मुलाला अंधारात एकटं मागे किंवा पुढे चालू देऊ नका, आणि वाटेवर चालताना हळू आवाजात बोलत राहा. शांतता बसल्यावर पाळायची.

हंगामातली सगळ्यात मोठी आपत्ती वणवा. रानकोंबडी जमिनीवर, झुडपाखालच्या उथळ खळग्यात चार ते सात अंडी घालते आणि साधारण 21 दिवस एकटीच उबवते. नेमके हेच दिवस आपल्याकडे डोंगर पेटायचे. गवत चांगलं यावं म्हणून, ससे-कोंबडे बाहेर काढावेत म्हणून, कधी जमीन मोकळी दिसावी म्हणून, तर कधी नुसत्या विडीनं. संध्याकाळी लोकलच्या खिडकीतून दिसणारी ती लाल रेघ लोक मोबाइलमध्ये टिपतात आणि विसरतात. त्या रेघेखाली किती घरटी गेली याची नोंद कुठेही होत नाही. वणवा दिसला की वन विभागाच्या 1926 या टोल-फ्री नंबरवर लगेच कळवा, जवळचं गाव आणि डोंगराची बाजू सांगा. आपण स्वतः रानात चूल पेटवू नका; चहा थर्मासमधून न्या.

वाटेवर, झुडपांमधल्या अरुंद फटीत, तारेचे किंवा नायलॉनचे फास दिसू शकतात. कधी काट्यांचं लांब कुंपण घालून मध्येच एक फट सोडलेली असते, तिथे पाहा. फास दिसला तर हात लावण्याआधी जागेचा फोटो घ्या, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि 1926 वर किंवा बदलापूरच्या वन कार्यालयात कळवा. लावणाऱ्याशी तिथे भांडत बसू नका, विशेषतः मुलं बरोबर असताना. पक्षी जिवंत अडकलेला असेल तरच फास सैल करून त्याला सोडा.

घरटं दिसलं तर मागे फिरा. मादी अंड्यांवरून अगदी शेवटच्या क्षणी उठते, आणि एकदा उठवल्यावर ती परत येईलच असं नाही. फोटो घेऊ नका, खूण करून ठेवू नका. आपण ज्या वाटेनं गेलो त्या वाटेनं कुत्री आणि मुंगसंही वास काढत येतात. पिल्लांसकट मादी रस्ता ओलांडताना दिसली तर गाडी थांबवून इंजिन बंद करा. मागच्या गाडीलाही हात दाखवा. पडलेलं पीस सापडलं तर पाहा, मुलांना हाताळू द्या आणि तिथेच ठेवा.

वही

घरी आल्यावर त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, जागा, ढग होते की नव्हते, पहिली बांग किती वाजता, किती नर वेगवेगळे ऐकू आले, काय दिसलं. मुलाच्या अक्षरात लिहून घ्या, आजोबांनी सांगितलेली जुनी गोष्ट शेजारी टिपा: पूर्वी कुठे ऐकू यायचे, कोणती दरी आता गप्प आहे, कुठे इमारती झाल्या. बदलापूर आणि अंबरनाथ ज्या वेगानं डोंगराकडे सरकत आहेत, ते पाहता अशा घरगुती वह्यांतली माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. जमल्यास तीच नोंद ई-बर्डवर टाका. ती जगभरच्या अभ्यासकांना वापरता येते. आवाजाची खात्री नसेल तर ‘मर्लिन’ हे ॲप मदत करतं, पण त्याचं उत्तर अंतिम मानू नका, आणि घरट्याची जागा कुठेही, कोणालाही, जाहीर करू नका.

मृग लागला की हे थांबवायचं. पावसात नराची ती ठिपक्यांची मानेवरची पिसं गळतात, बांग कमी होते, आणि कोंडेश्वर-बारवीकडे पर्यटकांना बंदीचे आदेशही बहुतेक दर वर्षी निघतात. 5 ते 12 नोव्हेंबरला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात तीच जागा, तेच दोघं, असं एकदा जाऊन बसा. बांग मिळाली नाही तरी उकरलेली जमीन आणि पाचोळ्यातले पाय कळतील, आणि माघात कुठल्या बुंध्याला टेकायचं ते ठरवून येता येईल.